शिशुआहारासाठी सुरक्षित पाणी

शिशुआहारासाठी सुरक्षित पाणी म्हणजे एक वर्षाखालील बालकास पिण्यासाठी किंवा भुकटीपासून त्याचे दूध तयार करण्यासाठी निर्धास्तपणे वापरता येईल असे पाणी होय. असे पाणी रोगजंतूंपासून मुक्त असावे लागते आणि त्यात विरघळलेल्या अपायकारक द्रव्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या आत असावे लागते. या दोन अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. पहिली अट पाणी उकळल्याने पूर्ण होते. दुसरी उकळल्याने पूर्ण होत नाही, आणि काही बाबतींत उकळलेले पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक दोषयुक्त ठरते. 'पाणी उकळून घेतले आहे' या एका वाक्यावर घरोघरी समाधान मानले जात असल्यामुळे हा भेद समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रौढाला सोसणारे पाणी तान्ह्या बाळाला सोसेलच असे नाही. केवळ वरच्या दुधावर वाढणारे बाळ दिवसाकाठी वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे १५० मिलिलिटर दूध पिते. चार किलो वजनाच्या बाळाच्या बाबतीत हे प्रमाण ६०० मिलिलिटर होते. साठ किलो वजनाच्या माणसाने याच हिशेबाने पाणी प्यायचे म्हटल्यास त्याला रोज नऊ लिटर प्यावे लागेल. पाण्यातील एखादे द्रव्य थोडे असले तरी बाळाच्या शरीरात त्याचा वाटा मोठा होतो, तो यामुळे. शिवाय बाळाची मूत्रपिंडे, यकृत आणि रोगप्रतिकारशक्ती अद्याप परिपक्व झालेली नसतात.

पहिले सहा महिने

जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईच्या दुधात सुमारे ८७ ते ८८ टक्के पाणीच असते. उष्ण हवामानातही स्तनपान करणाऱ्या बाळास वेगळ्या पाण्याची गरज भासत नाही, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. विदर्भातील उन्हाळ्यात 'बाळाचा घसा सुकतो' म्हणून चमचाभर पाणी पाजण्याची रीत मायेपोटी आली असली, तरी तिची गरज नाही. पाण्याने बाळाचे लहानसे पोट भरते, ते दूध कमी पिते आणि आईचे दूधही त्यामुळे कमी होऊ लागते. पाणी जास्त प्रमाणात गेल्यास बाळाच्या रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात. भुकटीचे दूध पुरवून वापरण्यासाठी ते पातळ केल्यासही हाच धोका उद्भवतो. भुकटी मापापेक्षा जास्त घातल्यास मूत्रपिंडांवर ताण पडतो तो निराळाच.

महाराष्ट्रात बाळगुटी उगाळून देण्याची परंपरा जुनी आहे. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ इत्यादी वस्तू सहाणेवर पाण्यात किंवा आईच्या दुधात उगाळून ते चाटण बाळास देतात. या द्रव्यांच्या गुणांविषयी मते काहीही असोत. सहाण, ती धुण्याचे पाणी, उगाळणाऱ्याचे हात आणि वर्षानुवर्षे डब्यात ठेवलेली मुळे यांपैकी काहीही निर्जंतुक नसते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गुटीत मध मिसळण्याची पद्धत तर निश्चितच टाळावी. मधात आढळणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बालकास बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

आई हयात नसणे, काही विशिष्ट आजार किंवा औषधे, दत्तक घेतलेले मूल, दूध अपुरे असणे अशा कारणांनी काही बाळांना वरचे दूध द्यावेच लागते. पाण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो त्यांच्या बाबतीत.

नायट्रेट आणि निळे पडलेले बाळ

१९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातील हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. शेतवस्तीवरील काही तान्ही बाळे निळसर पडत होती. त्यांच्या हृदयात वा फुप्फुसांत दोष सापडत नव्हता. या बाळांचे दूध शेतातील विहिरीच्या पाण्यात कालवले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण फार मोठे होते, असे कॉम्ली यांनी दाखवून दिले. पाणी बदलताच बाळांचा रंग पूर्ववत होत असे. हा आजार पुढे 'ब्ल्यू बेबी सिंड्रोम' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे शास्त्रीय नाव मेथेमोग्लोबिनेमिया असे आहे.

नायट्रेट स्वतः फारसे विषारी नाही. अन्नमार्गातील जिवाणू त्याचे नायट्राइट बनवतात आणि नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाची अवस्था बदलते. असे बदललेले हिमोग्लोबिन, म्हणजे मेथेमोग्लोबिन, प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. प्रौढांच्या रक्तातही ते अल्प प्रमाणात सतत तयार होत असते, पण एक विकर त्याला लगेच पूर्वस्थितीत आणते. तान्ह्या बाळात या विकराची क्रियाशीलता प्रौढाच्या सुमारे निम्मीच असते. त्याच्या जठरातील आम्लही सौम्य असल्याने नायट्राइट बनवणाऱ्या जिवाणूंना तेथे वाव मिळतो. ओठ, नखे व त्वचा निळसर करडी दिसणे, रक्ताला चॉकलेटसारखा तपकिरी रंग येणे, बाळ मलूल होणे ही त्याची लक्षणे आहेत. सहा महिन्यांखालील, त्यातही पहिल्या तीन महिन्यांतील बाळांना धोका सर्वाधिक असतो. मेथिलिन ब्ल्यू हे औषध वेळीच दिल्यास बाळ बचावते. नुसत्या नायट्रेटने हा आजार होतो की आतड्यांतील संसर्गाची त्याला जोड लागते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. दूषित विहिरीत हे दोन्ही दोष बहुधा एकत्रच आढळतात.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, आणि दुसरा स्रोत नाही म्हणून या मर्यादेत सवलत दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील नायट्रेटने सर्वाधिक बाधित जिल्ह्यांमध्ये वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, नांदेड आणि बीड यांची नावे आहेत. शेतात टाकलेला युरिया, गोठ्यालगतचे उकिरडे आणि विहिरीच्या अगदी जवळ खणलेले शौचालयांचे शोषखड्डे ही नायट्रेटची मुख्य उगमस्थाने होत. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसते. त्यामुळे 'आमच्या आडाचे पाणी गोड आहे' या म्हणण्यावरून काहीच ठरवता येत नाही.

उकळण्याचा उलटा परिणाम येथे स्पष्ट दिसतो. समजा, एक लिटर पाण्यात ४० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे पाणी मर्यादेच्या आत आहे. ते बाळासाठी म्हणून बराच वेळ उकळत ठेवले आणि आटून ८०० मिलिलिटर उरले, तर वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. नायट्रेट तेवढेच राहते. आता त्याचे प्रमाण लिटरमागे ५० मिलिग्रॅम झालेले असते. पाणी वीस मिनिटे उकळावे, पाव हिस्सा आटवावे असे सल्ले अद्यापही ऐकू येतात. जंतू मारण्यासाठी त्याची गरज नसते. पाण्याला खळखळून उकळी आली की रोगकारक जिवाणू, विषाणू व आदिजीव नष्ट होतात. त्यानंतर भांडे उतरवून झाकून ठेवणे पुरेसे असते.

तुरटी, मेणबत्तीचा फिल्टर, क्लोरीन आणि अतिनील किरणांचे यंत्र यांनीही नायट्रेट निघत नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते, मात्र पडदा जुना झाल्यावर किती कमी होते हे तपासूनच कळते. स्तनपान करणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो, कारण आईने असे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही.

फ्लोराइडचेही असेच आहे. त्याची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या कूपनलिकांमध्ये ते मर्यादेबाहेर आढळते. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर डाग उमटतात आणि अतिरेक झाल्यास हाडेही बाधित होतात.

तांब्या-पितळेची भांडी

पाणी चांगले असूनही भांड्यामुळे ते बाळास अपायकारक ठरू शकते. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात लहान मुलांचा एक असाध्य यकृतविकार नोंदला जात होता. साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे पोट फुगे, यकृत कठीण होई, कावीळ होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरातील दोन-तीन भावंडे याला बळी पडल्याच्याही कथा आहेत. वैद्यकात याला इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणत. घरगुती बोलीत 'मुलाला लिव्हर झाले' एवढेच म्हणत.

या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण विलक्षण वाढलेले असते, असे पुढे आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि ब्रिटनमधील स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या तांब्याचा माग काढला. आजारी मुलांच्या घरी त्यांना एक समान धागा सापडला. या मुलांना फार लवकर वरचे, म्हणजे गाईम्हशीचे दूध सुरू केलेले होते आणि ते कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवले किंवा साठवले जात होते. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे दूध जितका वेळ भांड्यात राहील तितके तांबे त्यात उतरते. त्याच घरातील मोठी माणसे तेच दूध पिऊन सुखरूप राहत, कारण तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची प्रौढ यकृताची क्षमता तान्ह्या बाळापाशी नसते. सर्वच बाळांना हा विकार होत नसे, यावरून काही आनुवंशिक प्रवृत्तीही त्यामागे असावी असे मानले जाते.

स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमची भांडी घरोघर पोहोचली, पितळी भांड्यांत दूध न तापवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जाऊ लागला, आणि हा आजार इतका विरळ झाला की आजच्या अनेक तरुण डॉक्टरांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नसतो. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही असाच विकार होता. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले त्याला बळी पडल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तेथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यांत ठेवण्याची पद्धत होती आणि ती बदलल्यावर विकार नाहीसा झाला.

अलीकडे तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी आरोग्यदायी असते, या समजुतीने तांब्याच्या कळशा व बाटल्या पुन्हा घरात आल्या आहेत. मोठ्यांनी ते प्यावे की नाही हा निराळा प्रश्न आहे. बाळाचे दूध कालवण्यासाठी मात्र हे पाणी वापरू नये, आणि उकळण्यासाठीही स्टेनलेस स्टीलचे पातेलेच घ्यावे.

भुकटीतील जंतू आणि सत्तर अंशांचा नियम

डब्यातील भुकटी निर्जंतुक असते, हा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात ती निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर सकाझाकी हा जिवाणू आढळतो. जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिइची साकाझाकी यांच्या सन्मानार्थ दिलेल्या या नावातील पहिला भाग २००७ साली बदलण्यात आला. स्वतःचीच बालके गिळणाऱ्या क्रोनॉस या ग्रीक पुराणातील दैवतावरून तो घेतला आहे, आणि नाव ठेवणाऱ्यांनी ते विचारपूर्वकच ठेवले असावे. हा संसर्ग दुर्मीळ आहे. पण नवजात, अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांत तो मेंदूच्या आवरणाचा दाह व रक्तदोष निर्माण करतो आणि अनेकदा प्राणघातक ठरतो. २०२२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका कारखान्यात हा जिवाणू आढळल्याने तेथील उत्पादन थांबले आणि देशभर शिशुदुग्धाची टंचाई निर्माण झाली.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार भुकटी किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी. येथे गरम पाण्याचे काम पाण्यातील नव्हे, भुकटीतील जंतू मारण्याचे असते. उकळलेले पाणी पूर्ण निववून मग त्यात भुकटी घातली, तर पाणी शुद्ध असूनही दूध निर्धोक होत नाही. किंबहुना कोमट दुधात हे जिवाणू झपाट्याने वाढतात. अनेक डब्यांवर मात्र उकळून कोमट केलेले पाणी वापरण्याची सूचना छापलेली असते. एवढ्या उष्णतेने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, आणि ज्या भुकटीत उपयुक्त जिवाणू मुद्दाम घातलेले असतात ते मरतात. अशा विशेष भुकटीबाबत बालरोगतज्ज्ञांना विचारणे इष्ट.

घरात तापमापक नसला तरी अंदाज बांधता येतो. सुमारे एक लिटर ताजे पाणी उकळून झाकून ठेवल्यास अर्ध्या तासाच्या आत ते साधारणपणे ७० अंशांवर असते. पाणी थोडे असेल तर फार लवकर निवते. हात साबणाने धुवावेत, भांडी उकळून घ्यावीत. आधी पाणी मोजून घ्यावे आणि मग भुकटी घालावी, कारण हा क्रम उलटल्यास पाण्याचे माप चुकते. भुकटीचे माप डब्यात मिळालेल्या चमच्यानेच, सपाट करून घ्यावे. एका चमच्यास किती पाणी हे डब्यागणिक बदलते. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्यात टाकण्याची चूक घरात सहज होते. तयार दुधाचे भांडे थंड पाण्यात धरून ते निववावे, बाहेरचे पाणी आत शिरणार नाही हे पाहावे, आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून ते कोमट असल्याची खात्री झाल्यावरच पाजावे. उकळते पाणी हाताळताना बाळ कडेवर नसावे.

तयार केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. रात्रीसाठी आधीच करून ठेवायचे असल्यास ते त्वरित निववून पाच अंशांखालील तापमानाच्या शीतकपाटात ठेवता येते, तेही २४ तासांपर्यंतच. वीज वारंवार जाणाऱ्या गावात या सवलतीवर विसंबू नये.

पाण्याचा स्रोत

नगरपालिकेचे क्लोरीनयुक्त नळाचे पाणी उकळून घेतल्यास सहसा चांगले असते. रात्रभर नळीत साचलेले पहिले पाणी वाहू द्यावे आणि गिझरमधील गरम पाणी घेऊ नये, कारण उभ्या पाण्यात व गरम पाण्यात नळीतील धातू अधिक उतरतात. टँकरचे पाणी गढूळ असल्यास तुरटीने निवळून, वरचे स्वच्छ पाणी काढून घेऊन उकळावे. बाटलीबंद पाणी निर्जंतुक नसते, तेही उकळावेच लागते. नैसर्गिक खनिजयुक्त पाण्यात सोडियम व सल्फेट जास्त असू शकते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या सूचनेनुसार बाळासाठीच्या पाण्यात लिटरमागे सोडियम २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे आणि सल्फेट २५० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. घरोघर येणाऱ्या थंड पाण्याच्या वीस लिटर जारना बहुधा सील नसते आणि त्यातील पाण्याचा तपशीलही कोठे लिहिलेला नसतो. ते थंड आणि चवीला चांगले लागते, एवढ्यावरून ते बाळासाठी योग्य ठरत नाही. जडपणा घालवणाऱ्या सॉफ्टनर यंत्रातील पाण्यात सोडियम वाढलेले असते, म्हणून तेही टाळावे.

बाटली, वाटी-चमचा आणि कायदा

चांगल्या पाण्यात नीट कालवलेले दूध अस्वच्छ बाटलीतून गेल्यास सर्व श्रम वाया जातात. बाटलीचे बूच आणि त्याच्या आतील खाचा घासून स्वच्छ करणे कठीण असते. वाटी-चमचा किंवा जुन्या घरांतील चोच असलेले बोंडले उघडे असल्याने त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, घासता येतो व उकळता येतो. बालरोगतज्ज्ञ आज वाटी-चमच्याचीच शिफारस करतात.

अस्वच्छ पाण्यातील डबाबंद दुधाने होणाऱ्या बालमृत्यूंकडे सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३९ साली सिंगापूर येथील भाषणात तीव्र शब्दांत लक्ष वेधले होते. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने अशा दुधाच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. भारतात त्याविषयीचा कायदा १९९२ साली झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार शिशुदुग्ध व दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही. डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास मनाई असून, चुकीच्या पद्धतीने दूध तयार केल्यास होणाऱ्या अपायाचा इशारा छापणे बंधनकारक आहे.

पाण्याची तपासणी

विरघळलेली द्रव्ये डोळ्यांना दिसत नसल्याने विहीर वा कूपनलिकेचे पाणी बाळासाठी वापरण्यापूर्वी तपासून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत रासायनिक व जैविक तपासणी करता येते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकल्यानंतर जी ओटी चाचणी करतो, तिने पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही एवढेच कळते. मैलामिश्रित पाणी ओळखण्यासाठी ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीतील रसायनयुक्त कागदाच्या पट्टीवर पाणी ओतून ठेवल्यावर ते काळे पडल्यास पाणी दूषित समजतात. ही चाचणी नायट्रेट, फ्लोराइड वा तांबे यांविषयी काहीही सांगत नाही, म्हणून रासायनिक तपासणी वेगळी मागावी लागते. नायट्रेटचे प्रमाण पावसाळ्याच्या आधी व नंतर बदलत असल्यामुळे नमुना दोन्ही वेळा देणे योग्य. अहवाल हाती येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी नळयोजनेचे किंवा तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी आणावे.